मामाचं पुढं पळणारं घड्याळ

नंदिनी नगर, २ फेब्रुवारी

ती. रामाजीमामास, भाचा गुड्डूचा दुरूनच सा. न. (जवळ आलो तं कानफाटात बसन.)

फोन तुमी कापता, मनून कागद. शनिवारी तुमच्या मोनाले पाहाले पीयूषले मीच आणलं. पाहुणे दारात, अन् तुमी मनगट पुढं करून मनले का पाव घंटा लेट पोरगं आमाले नाई पायजे. पोह्याची प्लेट बी उचलली! माया फोनवर तवा बरोबर पाच वाजले होते. तुमचं ते चाबीचं डबडं रविवारी रेडिओवर मिळवता, अन् शनिवारपर्यंत ते रायपूरले पोचून जाते. त्याच्या भरोशावर पोरीची सोयरीक तोडता? मोना रडून राहिली. तुमाले कसं दिसन, तुमी घड्याळच पाहता.

लोभ ठेवा, शिव्या देऊन ठेवला तरी चालते.
गुड्डू

स्मृति नगर, ५ फेब्रुवारी

चि. गुड्डूस, आशीर्वाद अर्धाच.

बारावीत दोनदा लटकला, अन् मले टाइम शिकवतो? हे घड्याळ बांधून जवानीपासून स्क्रॅप यार्डात चुंबकवाली क्रेन चालवून राहिलो, कधी लेट नाई. प्लांटचा भोंगा बी याच्या मागं वाजते. भोंगाच सुस्त हाय! तुया फोनचं नाव नको घेऊ, चार्जिंग संपली का मुडदा. ज्याले पोरगी पाहाले टायमावर येता येत नाई, तो संसार काय करन?

रविवारी ये, मामीनं सांडगे ठेवले. तोंड घरी ठेवून ये.
रामाजी

नंदिनी नगर, ११ फेब्रुवारी

ती. मामास, चोराचा सा. न.

रविवारी तुमी आंघोळीले गेले तवा घड्याळ मीच उचललं. या कागदासंग वापस धाडतो. दुर्गच्या घड्याळवाल्यानं त्याच्यापाशी दिशा दाखवणारा कंपास नेला, तं सुई मामीवानी गर्रकन वळून पाहाले लागली. त्यानं इचारलं, याले चुंबकावर झोपवता का बे? आतली केसाएवढी स्प्रिंग चुंबकानं आपसात चिपकते, मनून घड्याळ पळते मने. मंग त्यानं चुंबक उतरवलं. भोंगा सुस्त नाई मामा, तुमचं डबडं क्रेनवर पिसाळलं होतं. आता भोंग्यासंग मिळवून पाहा, अन् ड्यूटीवर जातानी ते मोनापाशी ठेवत जा.

लवकर पाहा. पीयूषच्या घरी गोंदियाचं दुसरं स्थळ येऊन राहिलं.

राग उतरला का लोभ पाठवा.
गुड्डू

स्मृति नगर, २१ फेब्रुवारी

चि. गुड्डूस, आशीर्वाद या टायमाले पुरा.

हप्ताभर पाहिलं. भोंगा वाजते, अन् काटा बी बरोबर त्याच टायमावर. तुया दुर्गवाल्यानं चांगलं घड्याळ सुस्त करून टाकलं. आता भोंगा सुस्त, घड्याळ सुस्त, सारी भिलाईच सुस्त, तं त्या एकट्या पोराले काय बोल लावू? पुढच्या रविवारी पाच वाजता आण त्याले, आईबापासंग.

लेट झाला तं प्लेट झाकून ठेवीन. पण त्याले सांग, होऊ नको.
रामाजी