कडेची ओळ

४ ऑक्टोबर

ठरलं. विहिरीखालचा पाव एकर लेकीचा, या हंगामापुरता. माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी आहे. त्यांनी मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवली आहे म्हणते. हंगाम बघते, मग इथे राहायचं की जायचं ते सांगते. अट एकच — तिच्या तुकड्यात मी पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, कबूल. बायको पाठ फिरवून हसली. हसू दे. शब्द म्हणजे शब्द.

इथे लिहायला हरकत नाही: तिने राहावं. पण तोंडाने म्हणणार नाही. सव्वीस वर्षं ही जमीन मी पुस्तकं वाचून, चुकून, पुन्हा करून शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं. आता शिकवायला मी आहे, तर शिकायला कोणीतरी हवं.

६ ऑक्टोबर

लेकीने कांदा पेरला. रोपं करून लावायचा सोडून बी थेट ओळीत! बांधावर उभा राहून चार वेळा खाकरलो. तिने मान वर केली नाही. माझ्या गादीवाफ्यावरचं रोप अर्धं बोट झालंय. बघावं तरी.

११ ऑक्टोबर

कोंबडीखाली ठेवलेली बदकाची अंडी फुटली. बारापैकी अकरा पिल्लं बाहेर. पुस्तकात अठ्ठावीस दिवस, माझ्या वहीत अठ्ठावीस दिवस!

१४ ऑक्टोबर

बदकाची पिल्लं आज हौदात उतरली. कोंबडी काठावरून ओरडून ओरडून अर्धमेली. बायको कोंबडीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग परत कोंबडीकडे. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

१९ ऑक्टोबर

घेवड्याचा पहिला तोडा, अडीच टोपल्या. मोठ्या गाईच्या मागच्या डाव्या खुराला औषध लावलं. शेजारचा सुतार येऊन बसला. लेकीचं कसं काय चाललंय, म्हणाला. मी म्हटलं, मला काय माहीत, मी तिकडे जात नाही. तो म्हणाला, हो, बांध तेवढा झिजलाय.

२ नोव्हेंबर

लिहावं की नाही? लिहितो. खोटी रोजनिशी ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी.

लेक बियाणं आणायला बाजारात गेली होती. तिच्या कडेच्या ओळीत गवत माजलेलं दिसलं. बारीक, हिरवंगार, दाट. पाऊल टाकायचं नव्हतं, टाकलंही नाही. खुरप्याला बांबू बांधून लांब दांडा केला आणि बांधावरूनच ती ओळ स्वच्छ केली. पाऊण तासात आरशासारखी! मग ते गवत कोंबड्यांना टाकायला उचललं, आणि हाताला वास आला.

कांद्याचा.

आयुष्यात हजारो वेळा कांद्याचं रोप हाताळलं. पण वाफ्यात, दाटीत, जिथे मी स्वतः टाकलंय तिथे. शेतात थेट ओळीत उगवलेला इवलासा कांदा कधी पाहिलाच नव्हता. गवत आणि तो, सख्खे भाऊ!

तीनदा हात धुतले. जेवताना बायकोने नाक मुरडलं, म्हणाली, जेवणात कांदा नाही आणि घरभर वास कसला? लेकीने आणखी एक भाकरी घेतली.

३ नोव्हेंबर

उजाडताच सुताराकडून लाकडी शिडी आणली. पाणी द्यायला गेलो असं घरी सांगितलं. शिडी बांधावरून पलीकडच्या पाटाच्या काठावर आडवी टाकली, वर पालथा पडलो आणि माझ्या वाफ्यातली रोपं तिच्या ओळीत लावत गेलो. चार-चार बोटांवर. शिडी नऊ वेळा सरकवली. एकशे चौदा रोपं.

शेवटचं रोप लावताना मागे कोणीतरी उभं आहेसं वाटलं. बायको. कमरेवर हात.

"पाऊल नाही टाकलं मी," मी म्हणालो.

"नाही. पोट टाकलंत."

तिने शिडीचं दुसरं टोक धरलं, घरापर्यंत आणून दिलं. लेकीला सांगणार नाही म्हणाली. सांगायचं तर तुम्ही सांगा.

९ नोव्हेंबर

सगळी रोपं जगली. छाती दोन इंच फुगली, पण दाखवायची कोणाला?

२१ नोव्हेंबर

थंडी. मधमाश्यांच्या पेट्यांची दारं लहान केली. लिंबाला फुलोरा.

१२ डिसेंबर

आज मोठी पंचाईत झाली.

लेक वही घेऊन ओसरीवर बसली होती. ओळींच्या नोंदी मोठ्याने वाचत होती. सगळीकडे कांदा विरळ, कडेच्या ओळीत मात्र एकसारखा. तिने त्याचं कारणही काढलं: पाटाजवळचा ओलावा. पुढच्या वर्षी सगळा कांदा पाटाच्या कडेने पेरायचा, असं लिहायला घेतलं.

मी गाईचं दावं वळत होतो. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण वहीत चुकीची नोंद! त्यावर पुढच्या वर्षीची पेरणी! पीक बुडालं तर दुसरं घेता येतं, खोटी नोंद मात्र दहा वर्षं फसवत राहते. दावं खाली ठेवलं.

"ती ओळ तुझी नाही. तुझी मी उपटली. गवत समजून."

तिने पेन थांबवलं. "किती रोपं लावलीत?"

"एकशे चौदा."

"मोजलीत?"

"मोजल्याशिवाय लावतात का?"

तिने वहीची पानं मागे उलटली. मला वाटलं, झालं, प्रयोगशाळा. मग तिने पूर्ण ओळ काट मारून खोडली, वर काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. 'कडेची ओळ: बाबांची. हिशेबात धरू नये.'

हिशेबात धरू नये! जिव्हारी लागलं. पण नोंद बरोबर आहे.

२० जानेवारी

लेकीने वाटाण्याला काठ्या लावल्या, वाकड्या. बांधावर गेलो. परत आलो. एकदाही खाकरलो नाही.

८ मार्च

कांदा काढला. तिच्या ओळींतला विरळ, पण एकेक माझ्या मुठीत मावत नाही. माझ्या ओळीतला सारखा, मध्यम. तिने विचारलं, कुठला चांगला? म्हटलं, तुझा. एवढं बोलायला घसा खाकरावा लागला.

२७ मार्च

चार दिवस उरले म्हणून शेवटी मीच विचारलं, प्रयोगशाळेला काय कळवलंस? म्हणाली, नकार. ऑक्टोबरमध्येच, कांदा पेरायच्या आधी. शेती करायची हे ठरलेलंच होतं. नदीपलीकडे खंडाने, वर्षाच्या भाड्यावर कसायला, एक तुकडाही बघून ठेवला होता, तो आज नको म्हणून सांगून आली.

मग सहा महिने हंगाम कसला बघत होतीस?

"तुमचा," म्हणाली, आणि धार काढायला गेली.