मागची सीट

१२ फेब्रुवारी

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. आता गुडघा वाकतो, त्यामुळे हा साष्टांग नुसता कागदावरचा नाही. म्हणाल तेव्हा घालून दाखवीन.

इकडे सगळं ठीक. ऑपरेशनला परवा अकरा महिने झाले. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, सायकल चालवा. मी म्हटलं, सायकल आहे घरात, पण ती दोघांची आहे. त्यांना वाटलं मी चेष्टाच करतेय, म्हणून फोटो दाखवला. तुमच्या भावाने दोन जुन्या सायकली कापून, जोडून ही एक केली आणि गल्लीने तिला आगगाडी नाव ठेवलं, तेही सांगितलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानात जन्म काढलेला माणूस बायकोला दुसरं काय देणार!

तर बातमी अशी, की मी पुढच्या सीटवर बसायला शिकले. अडुसष्टाव्या वर्षी. हसू नका. तुमच्या शाळेचं मैदान रविवारी रिकामं असतं, तिथे शिकले. दोनदा पडले. त्यातली एक पडझड लांब उडीच्या वाळूत झाली, ती धरायची नाही. इतकी वर्षं मागे बसून मी फक्त तुमची पाठ आणि अंबाडा पाहिला. पुढे बसल्यावर कळलं, रस्त्याला खड्डे एवढे आहेत! तुम्ही ओरडून सांगत होतात ते निम्मेच.

मागे बसायला कुणीतरी हवं, म्हणून शेजारचे बेकरीवाले तयार झाले. त्यांचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. मैदानात छान जमलं. पण पाण्याच्या टाकीच्या चढावर अर्ध्यातच मला धाप लागली आणि उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. असो, त्याचं पुन्हा कधीतरी.

मुद्द्याचं लिहिते. कालव्याच्या कडेने धरणापर्यंत बेचाळीस किलोमीटर, तिथल्या विश्रामगृहात मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. हा बेत आपण नऊ वर्षं उद्या-परवावर ढकलला. मार्चच्या अखेरीस जाऊ या. मी पुढे बसेन, तुम्ही मागे.

भाच्याचा फोन आला होता. दीड वर्षात तुम्ही सातव्या मजल्यावरून चारदाच खाली उतरलात, तेही दवाखान्यात जायला, असं म्हणाला. गॅलरीतल्या खुर्चीला तुमच्या पाठीचा आकार आलाय म्हणे. लिफ्ट बिघडली आहे का हो?

तुमची,
टाचणी
(शिंपीण भावजयीला हे नाव तुम्हीच ठेवलंत, विसरला नसाल.)


२७ फेब्रुवारी

ती. वन्सं,

नमस्कार. पत्र पोचलं. चारच ओळी. "माझे सायकलीचे दिवस संपले. म्हातारीचं गाठोडं मागे बांधून कुठे नेतेस? आगगाडी भंगारात दे."

भंगारवाल्याला मी अजून बोलावलेलं नाही. आधी हे वाचा.

गेल्या पत्रात टाकीच्या चढाचं अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं असं. वर पोचल्यावर मी बेकरीवाल्यांना म्हटलं, "माझ्यात आता जोर राहिला नाही हो." ते म्हणाले, "तुमच्यात आहे की! मीच नुसते पाय ठेवून बसलो होतो. सकाळपासून कंबर धरलीय, सांगायची लाज वाटली."

मी तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसले. ते बिचारे घाबरले. टाकीखाली उभे राहून प्यायला पाणी कुठे मिळेल म्हणून विचारत सुटले.

वन्सं, चार वर्षं मी तुमच्यामागे तेच केलं.

तुम्ही इथून गेल्यावर माझा गुडघा अचानक गेला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं. तुम्ही जाण्याआधी चार वर्षं तो दुखत होता. पायडलवर जोर दिला की कळ थेट मांडीत जायची. पण दोन्ही पायडलं एकमेकांना जोडलेली. पुढचीने मारलं की मागचीचे पाय आपोआप फिरतात. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. चाकाने वेग घेतला की पाय नुसते ठेवायचे, बघणाऱ्याला वाटतं काम चाललंय. आधी मी फक्त चढावर असं करायचे. मग सपाट रस्त्यावरही करू लागले. तुम्ही पुढून "जोर!" म्हणून ओरडायचात आणि मी मागून म्हणायचे, "लावतेय!"

आधी टाकीचा चढ आपण एका दमात चढायचो. मग मध्ये एकदा थांबावं लागलं, मग दोनदा. तुम्ही तीन वेळा हृदय तपासून घेतलंत. तिन्ही वेळा काही निघालं नाही. तिन्ही वेळा मी बरोबर होते. बाहेरच्या बाकावर तुमची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तोंड उघडलं नाही.

आणि एक दिवस तुम्ही चढाच्या मध्येच उतरलात. हँडल धरून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "संपलं गं. म्हातारी झाले मी." मी काय म्हणाले आठवतंय? "वयाने होतं असं." महिन्याभरात तुम्ही घर आवरून लेकाकडे गेलात.

का केलं, तेही सांगते. सबब म्हणून नाही. हे गेल्यावर आठ महिने मी मशीनपुढून उठले नव्हते. तुम्ही दारात आगगाडी आणून उभी केलीत आणि म्हणालात, "बस मागे, नाहीतर उचलून बसवीन." त्या सकाळपासून मी माणसांत आले. गुडघ्याचं बोलले असते, तर तुम्ही मला घरी बसवलं असतं आणि एकट्या गेला असतात, नाहीतर दुसरी कुणी बसवली असती. मला त्याची फार भीती वाटली. तुम्ही दमलात तर दमा, पण मला मागे टाकू नका, असं माझं होतं. लिहिल्यावर हे फार वाईट दिसतंय. होतंच वाईट.

पण एवढं ऐका. तुम्ही सत्तर वर्षांच्या होतात आणि त्या चढावरून दोन माणसं वर नेत होतात. त्याला म्हातारपण म्हणत नाहीत.

माफी मागते. रागवा, हवं तेवढं रागवा, पण खाली उतरून रागवा. आणि सायकल भंगारात द्यायचीच असेल, तर ती तुमच्या हाताने द्या. मी देणार नाही.

तुमची,
चार वर्षं नुसती बसलेली
टाचणी


१४ मार्च

टाचणे,

आशीर्वाद देत नाही.

तीन वेळा हृदय! त्यातल्या एकदा तर छातीला वायरी चिकटवून पट्ट्यावर पळवलं होतं मला. आणि तू बाहेर पिशवी सांभाळत होतीस! तीस वर्षं पी.टी. शिकवली मी. कोण खरं पळतो, कोण खोटं लंगडतो, हे मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचे. पण पाठीमागे हातभर अंतरावर बसलेली मला ओळखता आली नाही. तुझ्याइतकाच माझाही राग आला.

तीन दिवस कुणाशी बोलले नाही. लेकाला वाटलं तब्येत बिघडली, तो डॉक्टरला फोन लावत होता. चौथ्या दिवशी जिना उतरले. सात मजले. (लिफ्ट उत्तम चालते, तुझी काळजी नको.) खाली पायरीवर थोडी टेकले आणि पुन्हा वर चढले. मध्ये पाचदा थांबावं लागलं. आज तीनदा थांबले. हा दम माझा एकटीचा आहे, हे ठाऊक असलं की दमायलाही बरं वाटतं.

मार्चअखेर जमणार नाही, पाय अजून तेवढे तयार नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी येते. माझे बूट मी इथे आल्यावर देऊन टाकले, ते तुझ्यामुळे. नवे घ्यायला तू बरोबर यायचंस. ब्रेक आणि चेन बघून ठेव. बेकरीवाल्यांना सांग, त्यांची जागा गेली. खड्डे सगळे ओरडायचे, निम्मे नाही.

आणि गुडघा, कंबर, डोकं, जे दुखेल ते तिथल्या तिथे सांगायचं. दुखतं म्हणून कुणाला टाकून जाणारी बाई वाटले होय गं मी तुला? पत्रातलं मला लागलं असेल तर ते एवढंच. बाकीचं तुझ्याशी भांडून संपवीन.

मागे बसेन. धरणापर्यंत बेचाळीस किलोमीटर तू "जोर!" म्हणशील आणि मी म्हणेन, "लावतेय." खरंच लावतेय की नाही, ते तुला पुढून कळणार नाही. तशीच चालवायची. मी नऊ वर्षं तशीच चालवली.

आशीर्वाद धरणावर पोचल्यावर.

तुझी नणंद