एप्सिलॉनचा तक्ता

४ फेब्रुवारी, सकाळी
गणितातला रिअल अॅनालिसिस हा विषय पुन्हा घेतला आहे. मागच्या खेपेला नापास झालो, पण त्या दिवशी पेन गळत होतं. मामांशी ठरलं आहे : या वेळी पास झालो तर विद्यापीठ चालू, नाहीतर कायमचं त्यांच्या लाँड्रीत. मामा म्हणाले, शीक बाबा, नाही कोण म्हणतंय, पण माझा इस्त्रीवाला सोडून गेलाय एवढं ध्यानात असू दे.
पुस्तकाला कव्हर घातलं. प्रस्तावना पूर्ण वाचली. ती कोणी वाचत नाही आणि मग रडत बसतात.

५ फेब्रुवारी
पहिल्या पानावर छपाईच्या दोन चुका सापडल्या. बारावी बाहेरून दिली असली तरी शुद्धलेखन माझं पक्कं आहे. विषयावर पकड येते आहे.

११ फेब्रुवारी
मॅडमनी लिमिट शिकवली. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश असे आकडे शून्याकडे जातात, हे सिद्ध करायचं. समोरच्याने एक छोटा आकडा सांगायचा, त्याचं नाव एप्सिलॉन. आपण सांगायचं की अमुक पदाच्या पुढे सगळे आकडे शून्यापासून एप्सिलॉनपेक्षाही जवळ आहेत. तोंडी परीक्षाही अशीच होणार.
म्हणजे पाठांतराचा विषय आहे. उगाच घाबरलो.

१२ फेब्रुवारी
संकल्प : सगळ्या एप्सिलॉनांचा तक्ता करायचा. ०.१ पासून सुरुवात.

१९ फेब्रुवारी
रूममेट लांब्या तक्ता बघून म्हणाला, अरे येड्या, एकाला एप्सिलॉनने भाग, त्याच्या पुढचं कुठलंही पद सांग, एका ओळीत सुटतोस. मी म्हटलं, शॉर्टकटने कोणाचं भलं झालेलं नाही. तो जेवायला गेला. त्याची काळजी वाटते.

२६ फेब्रुवारी
फळ्यापाशी माझी पाळी. वर्गाने एप्सिलॉन दिला ०.०१. मी ताडकन सांगितलं, शंभराव्या पदाच्या पुढे. बाकं वाजली. मग मागून एकाने ०.००३७ दिला. असल्या आकड्याचं व्यवहारात काम काय, असं मी त्याला शांतपणे विचारलं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. त्यांना सर्दी असावी.

१० मार्च
परीक्षेत कुठला एप्सिलॉन येतो, ते एका सीनियरला विचारलं. इकडेतिकडे बघून तो कानात म्हणाला, दरवर्षी ०.०५, पण कुठे बोलू नकोस. देवमाणूस. चहा पाजला.

१५ मार्च
मामांचा फोन. कुठवर आलंय म्हणाले. अगदी जवळ, म्हटलं. पोचशील ना? मी समजावलं, या विषयात पोचावं लागत नाही, हवं तितकं जवळ गेलं की झालं. मग मामा म्हणाले, कॉलरला इस्त्री आधी आतून करायची की बाहेरून, आठवतंय का?

२ एप्रिल, दुपारी
तोंडी झाली. तपशील लिहून ठेवतो, अन्याय झाल्यास उपयोगी पडेल.
मॅडम म्हणाल्या, समजा एप्सिलॉन दिलेला आहे. मी विचारलं, कुठला. त्या म्हणाल्या, कुठलाही. मी म्हटलं, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच ठरवा. त्या ठरवेनात. शेवटी मीच ०.०५ घेतला : विसाच्या पुढे. त्यांनी ०.०४ विचारला. पंचविसाच्या पुढे. ०.०३? तेहतिसाच्या पुढे. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघू लागले. मॅडमनी विचारलं, हे आकडे तू काढतोस कसे? तक्त्यातून. आणि तक्ता? एकाला एप्सिलॉनने भागून. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. हळूच म्हणाल्या, मग बाळा, कुठल्याही एप्सिलॉनसाठी?
मी म्हटलं, तक्ता बघावा लागेल.

३ एप्रिल
मॅडमनी बोलावून घेतलं. सोमवारी शेवटची संधी, सोपाच प्रश्न देईन, फक्त तक्ता घरी ठेव, म्हणाल्या. मला पास करण्याची त्यांची धडपड दिसते. तक्ता पाठ करायला घेतला. लांब्याने हात जोडले.

५ एप्रिल, रविवार
०.०००१ पर्यंत पाठ. लांब्या कुठलेही आकडे विचारत सुटला, एकही चुकला नाही. शेवटी तो म्हणाला, तू धन्य आहेस. मामांना कळवलं की निर्धास्त राहा.

६ एप्रिल, सोमवार
मॅडमनी अपूर्णांकात वर एकाच्या जागी दोन घातला. दोन, दोन द्वितीयांश, दोन तृतीयांश असे आकडे.
अख्खा तक्ता एकावर बांधलेला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि नापासचा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला.
दुपारी लाँड्रीत गेलो. मामांनी इस्त्री आधीच गरम करून ठेवली होती.