एकतिसाव्या पानावर सोडलेलं पुस्तक

हॅझलकोट,
९ डिसेंबर

तीर्थस्वरूप ग्वेंडाताईस, धाकट्या भावाचा दातओठ खात केलेला नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे आणि डेरेक भाऊजींचं पित्त काय म्हणतंय, हे रीत म्हणून विचारतो. उत्तर सवडीने दिलंस तरी चालेल, न दिलंस तरी चालेल. इकडे मी ठणठणीत आहे (रक्तदाब सोडून, आणि त्याचं कारण तू आहेस). मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भाऊजींना टर्की केवढी आणायची ते ठरवता येईल: यंदा नाताळच्या जेवणाला मी येणार नाही. एकवीस वर्षांत एकही नाताळ न चुकवलेला माणूस असं का म्हणतोय याची तुला काडीचीही कल्पना नसेल, तर पुढे वाच. निदान हे तरी शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी मी मिलबरोला गेलो होतो (कशाला, ते महत्त्वाचं नाही). तिथल्या बाजाररस्त्यावरचा खाटीक गेला, चांभार गेला, आणि उरली आहेत ती सगळी लोकांनी दिलेलं जुनंपुराणं विकणारी धर्मादाय दुकानं. एक हृदयरोग्यांचं, एक मांजरांचं, आणि कोपऱ्यावरचं म्हाताऱ्या गाढवांच्या निवाऱ्याचं. जिवंत लेखकाने अशा दुकानातल्या पुस्तकांच्या फळीकडे फिरकू नये, हे मला पंचवीस वर्षांपूर्वीच कळलंय, पण पाय मेले वळतातच. आपलं पुस्तक तिथे नसलं तर वाटतं, मुळात कुणी विकत घेतलंच नाही की काय! आणि असलं तर त्याहून वाईट वाटतं. असलं, की मी ते गुपचूप खालच्या फळीवरून वर आणतो, त्याचं तोंड लोकांकडे करतो आणि एखाद्या खपाऊ लेखकाला त्याच्या पाठीमागे उभा करतो. (यात गैर काय आहे? गाढवांचंही भलंच होतं.) गेल्या वर्षी तर मी स्वतःला पाककृतींच्या ढिगातून बाहेर काढलं. मुखपृष्ठावर बदक आहे म्हणून तिथे ठेवलं होतं म्हणे! ते बदक खुनाच्या पुराव्याचं आहे, भाजायचं नाही.

तर मंगळवारी माझ्या ‘भिजलेला साक्षीदार’ या रहस्यकादंबरीची एक प्रत मला जमिनीलगतच्या फळीवर दिसली. मी वाकतोय तोच दुकान सांभाळणाऱ्या स्टबिंग्सबाई मागून म्हणाल्या, “अहो राजा, ते नका घेऊ. मी वाचलंय. अर्धं पुस्तक नुसता पाऊसच पडतोय.” आता मी काय करायला हवं होतं? ताठ उभं राहून ‘बाई, तो पाऊस माझा आहे’ असं ठणकावून सांगायला हवं होतं. पण आपल्या आईने आपल्याला काय वळण लावलंय ते तुला ठाऊक आहे. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण स्वतःच्या घरालाही आग लावू. मी म्हणालो, “असं का?” त्या म्हणाल्या, “आणि तो इन्स्पेक्टर किती मठ्ठ हो!” मी म्हणालो, “हल्लीचे लेखकच तसे.” एवढ्यावर थांबलो असतो तरी अब्रू राहिली असती. पण मी आणखी म्हणालो, की संवादही फार लाकडी आहेत. का म्हणालो? मला संवाद लिहिता येत नाहीत असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पहिल्यांदा म्हटलं ते मीच.

हे चालू असताना एक ऑलपॉट नावाचे गृहस्थ तिथे आले. त्यांच्या हातात मोजपट्टी. त्यांच्या कॅरॅव्हॅनमधला पलंग एका बाजूला कलतो आणि त्याच्या पायाखाली सरकवायला त्यांना बरोब्बर सव्वा इंच जाडीचं पुस्तक हवं होतं. त्यांनी हृदयवाल्यांकडे पाहिलं, मांजरवाल्यांकडे पाहिलं, आणि माझ्या हातातल्या कादंबरीला पट्टी लावून त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा कुठल्याही समीक्षकाचा उजळलेला मी पाहिलेला नाही. “तुम्ही आधी घेतलंय, तुम्हीच ठेवा,” ते म्हणाले. “छे छे, तुम्हाला गरज आहे,” मी म्हणालो. “नाही हो, तुम्ही.” “नाही, तुम्हीच.” असं दहा मिनिटं चाललं. शेवटी मी हरलो आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाठ मजबूत आहे का ते बघायला ते उघडलं, पहिल्या पानाकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं: “‘माझ्या ग्वेंडाताईला, जिच्यामुळे मी पेन्सिल धरायला शिकलो. तुझा लायनेल.’ अरेरे! बिचारा लायनेल!”

ताई, अक्षर माझंच होतं.

ती प्रत मी तुझ्या साठाव्या वाढदिवसाला दिली होती. गेल्याच नाताळात सगळ्यांसमोर तू म्हणालीस, की ते पुस्तक तुझ्या उशाशी असतं, त्याशिवाय तुला झोप लागत नाही. आणि इथे ते गाढवांच्या दारात! आपल्याकडची रीत मलाही ठाऊक आहे. नको असलेली भेट आपल्या गावातल्या दुकानात द्यायची नाही, देणाऱ्याच्या गावात तर मुळीच नाही. दोघांच्या मधल्या गावात नेऊन द्यायची, म्हणजे कुणाचं मन दुखत नाही. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याने, दोन बस बदलून तू माझं पुस्तक नऊ मैल लांब टाकून आलीस! रागाच्या भरात फेकलं असतंस तर मी समजू शकलो असतो. हा तर विचारपूर्वक केलेला सभ्यपणा आहे, आणि तो मला सहन होत नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा उद्धटपणा केला. ऑलपॉटांच्या हातातून पुस्तक ओढलं आणि म्हणालो, “हे मला वाचायचंय.” ते हळहळून म्हणाले, “सगळं?” मी पैसे टाकले आणि बाहेर पडलो (त्यांना सव्वा इंचाचा बागकामाचा कोश शोधून दिला, मग बाहेर पडलो).

घरी येऊन पाहतो तर एकतिसाव्या पानावर बसचं तिकीट, आणि समासात पेन्सिलीने तुझं अक्षर: ‘धर्मगुरूने केलंय. पुरे.’ पुरे? पुढे दोनशे ऐंशी पानं आहेत! त्यांतली तीन प्रकरणं मी सात-सात वेळा लिहिली आहेत! आणि तुझा अंदाज सपशेल चुकलेला आहे, एवढंच सांगतो. लहानपणीही माझ्या प्रत्येक गोष्टीत तू पहिल्या पानाला म्हणायचीस, “कळलं, माळ्याने चोरलं.” तरी ऐकायला बसायचीस शेवटपर्यंत. तेवढंही आता उरलं नाही, याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं.

म्हणून येणार नाही. भाऊजींना सांग, चिमुकली टर्की पुरे.

तुझा (सध्या तरी) भाऊ,
लायनेल

ता. क. – तू विचारशील, मिलबरोला माझं काय काम होतं. सहज गेलो होतो. हवा चांगली होती.

ता. क. (१० डिसेंबर) – हवा चांगली नव्हती. उगाच खोटं कशाला बोलू? मी एक पिशवी द्यायला गेलो होतो. तिच्यात तू विणलेला बदकांचा स्वेटर होता, ज्याबद्दल मी तुला ‘अंगावरून काढवत नाही’ असं लिहिलं होतं. ताई, त्याची उजवी बाही गुडघ्यापर्यंत येते गं! पण तुझ्या नावाचं ते पान पाहिल्यापासून मला चैन नाही. आज परत गेलो, तर स्टबिंग्सबाई म्हणाल्या की तो तासाभरात खपला. (माझं पुस्तक तिथे किती दिवस पडून होतं, ते मी विचारलं नाही.) तर खरी विनंती अशी: तस्साच आणखी एक स्वेटर नाताळच्या आत विणून होईल का? कुणासाठी, ते विचारू नकोस.

ता. क. (१२ डिसेंबर) – आत्ताच टपालाने तुझं पुडकं आलं. स्वेटर. त्याला गाढवांचं लेबल तसंच: चार पौंड. माझ्या कादंबरीला पन्नास पेन्स! बरोबर तुझी चिठ्ठी: ‘मंगळवारी पुस्तक परत आणायला गेले, तर तिथे हा दिसला. स्वेटर देणारे गृहस्थच ते पुस्तक घेऊन गेले, असं दुकानातल्या बाई सांगत होत्या. नाताळला दोन्ही घेऊन ये. पुढचं तूच वाचून दाखव, माझे डोळे आता बारीक अक्षराला टिकत नाहीत. लाज वाटली म्हणून सांगितलं नव्हतं. पण आता खरं सांग, धर्मगुरूच ना?’

हे पत्र फाडणार होतो. पण इतकं लिहून झालंय, आणि लिहिलेलं फाडायची मला सवय नाही (स्टबिंग्सबाईंनाही तेच म्हणायचं होतं). स्वेटर घालूनच लिहितोय, बाही शाईत बुडतेय.

हो. धर्मगुरूच. जेवायला किती वाजता येऊ?