फाटकाच्या आतली

कामठा,
रविवार

प्रिय शामकला,

माझं अक्षर तू ओळखलं असशील. मिलमधल्या आपल्या सगळ्या अर्जांवर तेच असायचं. दहावी झालेली आपल्यात मी एकटीच, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आणि बोलायचं तुझ्याकडे. तुला पाहून आठ वर्षं झाली. तू चिचगडला भावाकडे असतेस, बचत गटातल्या बायकांना घेऊन मोहफुलांचे लाडू करतेस, असं आपल्यातल्या देवकाबाईकडून कळलं. तिची भाची तिकडेच दिली आहे. ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटून घेणारी मी कोण?

मी अजून गोंदियाच्या त्याच मिलमध्ये आहे. कामठ्याहून सकाळच्या ऑटोने जाते. आता तांदूळ निवडायला यंत्र आलंय, काळा दाणा दिसला की हवेच्या फटक्याने बाहेर उडवतं. आपण अकरा जणी सुपं घेऊन बसायचो तिथे आता दोघीच असतात, त्याही झाडायला. मी पोती शिवायच्या मशीनवर आहे. सावलीत, बसून. ते काम मला कसं मिळालं हे तू कधी विचारलं नाहीस.

अनुसयाबाई गेल्या पोळ्याच्या आधी वारली. आजारपणात तिला पाहायला गेले होते, तर तुझंच नाव काढत होती. तो दिवस ती विसरली नव्हती. मुकादम बकारामने संडासाला कुलूप लावलं होतं तो उन्हाळा. बाया तिकडे जाऊन वेळ काढतात, असं त्याने शेठच्या कानावर घातलेलं. चावी त्याच्या खिशात, आणि मागायची ती सगळ्या हमालांदेखत. आपण तक्रार केली तर शेठ हसला होता, "चाबी मांगने में कैसी शरम?" अनुसयाबाईला शुगर. त्या दुपारी बकाराम चावी घेऊन चहाला गेला तो आलाच नाही, आणि ती म्हातारी कोंड्याच्या ढिगाजवळ उभ्या उभ्या भिजली. हमाल हसले. आम्ही नऊ जणी माना खाली घालून तांदूळ वेचत राहिलो. तूच उठलीस. रिकामं बारदान तिच्या कमरेला गुंडाळलंस आणि हमालांकडे वळून म्हणालीस, "हासता काऊन? तुमच्या मायच्या जागी आहे ना थे!" ते पोती उचलायला लागले.

अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला. कुलूप काढा, नाही तर सोमवारपासून आम्ही फाटकाबाहेर बसू. खाली अकरा नावं, काहींचे अंगठे. सोमवारी सकाळीच शेठच्या हातात द्यायचा, तोवर कोणाला काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. कागद तू माझ्याजवळ ठेवायला दिलास.

शनिवारी सुटी होताना बकारामने मला बाजूला बोलावलं. शामकला, तो मला दटावत नव्हता. पोती शिवायच्या मशीनवर लिहितावाचता येणारी बाई पाहिजे, एवढंच म्हणाला, आणि विचारलं, "बायांचं काय चालू आहे?" काही नाही म्हणून मला निघून येता आलं असतं. मी पिशवीतून अर्ज काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

भीती होती, निवडलेल्या तांदळाची ओझी उचलून पाठ गेली होती, हे सगळं खरं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आले. पण आणखी एक गोष्ट होती. अर्ज माझा, शब्द माझे, आणि सगळ्या जणी पाहत होत्या त्या तुझ्या तोंडाकडे. ते मला सलत होतं. एवढ्याशा सलण्यापायी माणूस काय करून बसतं!

रविवारी बकाराम यादी घेऊन घरोघरी फिरला. एकीला नवऱ्याच्या हमालीची भीती घातली, एकीला दिराच्या नोकरीची. सोमवारी सगळ्या आत गेल्या. फाटकाबाहेर तू एकटी बसलेली. मी पदर तोंडावर ओढून तुझ्या अंगावरून गेले, तेव्हा तू नुसतं म्हणालीस, "काऊन वो प्रेमिला? तू बी?" मी थांबले नाही.

दोन दिवस तू त्या एप्रिलच्या उन्हात बसलीस. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पेपरात फोटो दिला, कामगार ऑफिसचे साहेब आले आणि कुलूप त्यांच्यासमोर निघालं. आम्ही सगळ्या बायका तेव्हापासून चावी न मागता जातो. तुला मात्र परत घेतलं नाही. ज्या मिलमध्ये कामाला जायचीस तिथे तुझं नाव तुझ्याआधी पोचलेलं असायचं. अर्ज कोणाजवळ होता हे तुला ठाऊक होतं. तरी गाव सोडून जाईपर्यंत तू कोणाजवळ माझं नाव घेतलं नाहीस. तू चार माणसांत मला शिव्या दिल्या असत्यास तर मी कधीच मोकळी झाले असते.

पण यापुढचं तुला माहीत नाही. माझी खुशी तेव्हा पाचवीत होती. तिला मी ही गोष्ट सांगायचे. आधी सांगायचे, "शामकलामावशी बसली होती." मग कधीतरी तोंडातून निघालं, "आम्ही बसलो होतो." पोरीचे डोळे असे चमकले की ते मला मागे घेववलं नाही. खुशी आता कॉलेजात आहे. यंदाच्या महिला दिनाला तिने तिथल्या बाईंना माझं नाव सांगितलं. मला स्टेजवर बोलावून शाल पांघरली, बोलायला लावलं. आणि मी बोलले गं. उन्हाने डांबर कसं मऊ झालं होतं, पाण्याची बाटली कशी तापली होती, सगळं सांगितलं. मला ते ऊन पाठ होतं. आतल्या खिडकीतून दोन दिवस मी तुलाच पाहत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत देवकाबाई होती. तिने टाळी वाजवली नाही. निघताना जवळ आली आणि हळूच म्हणाली, "शामकला जिती आहे ना वो अजून?"

दुसऱ्या दिवशी मी खुशीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. कॉलेजात जाऊन तिनेच बाईंना खरं काय ते सांगितलं आणि शाल परत केली. काल संध्याकाळी भाकरी खाताना एवढंच विचारलं, "थे मावशी आता कुठे राहते?"

शामकला, मी माफी मागायला लिहीत नाही. ती मागायची तर स्वतः यायला हवं होतं, आणि तेवढी हिंमत मला आजही नाही. हे पत्र तुझ्या हातात देऊन जी मुलगी समोर उभी आहे, ती खुशी आहे. सकाळच्या बसने एकटीच आली आहे. त्या दोन दिवसांत काय झालं ते तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तिला बसव आणि सगळं सांग. मी पदर ओढून आत गेले, तेही सांग. तिची आई आहे म्हणून काही हातचं राखू नकोस.

एके काळची तुझीच,
प्रेमिला