एकसष्टच्या दोन बाटल्या

सँत-एस्तेफ,
रविवार, ३ फेब्रुवारी २०१९

प्रिय आर्मां,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तराला दीड महिना लागला म्हणून कुरकुर करू नकोस. तू स्वतः वर्षाआड एक कार्ड पाठवतोस आणि त्यातही दोनच ओळी, तेव्हा तुला बोलायला तोंड नाही. गुडघा कसा आहे? बोटींच्या पोटाखाली बसून फळ्या ठोकायचं हे वय नव्हे, पण थोरल्या बहिणीचं तू कधी ऐकलंस?

इथे आठ दिवस कोरडी थंडी आहे. नदीवरून बोचरं वारं येतं आणि वेलींची छाटणी चालू आहे. चर्चच्या बाजूचा उतार झाला, नदीकडचा अर्धा राहिलाय. क्लोतिल्द सकाळी सातला कात्री घेऊन मजुरांबरोबर उभी असते. माझी लेक चौतीसची झाली, तुला खरं वाटणार नाही. तू या घरात होतास तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तुझ्या बुटांत बाटल्यांची बुचं भरून ठेवायची. गेल्या वर्षापासून तळघर तिच्या हाती दिलंय. मी नुसती मागे उभी राहून चुका काढते, ते काम मला छान जमतं.

एक वाईट बातमी तुला कळवायची राहिली. बापतिस्तँची इवेत ऑक्टोबरात गेली. बापतिस्तँ मात्र आहेत. एकोणनव्वद वय, कानाने ठार बहिरे. बाबांच्या वेळी तळघराचे मुकादम म्हणून ज्या टेचात चालायचे, त्याच टेचात अजून काठी टेकत गावभर फिरतात. परवा शुक्रवारी दारात उभे राहिले. काखेत पंचात गुंडाळलेली एक बाटली, तान्हं मूल धरावं तशी.

"मालकांनी लग्नात दिलेली," म्हणाले. "एकसष्ट सालची. आमच्या कोठीत चोपन्न वर्षं आडवी पडलीय."

"अहो, मग आता कशाला बाहेर काढलीत?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"लग्नाला पन्नास झाली तेव्हा फोडायची होती. इवेत आजारी पडली. म्हणाली, बरी झाले की फोडू. आता एकट्याने पिऊ? चांगली वाइन एकट्याने प्यायची म्हणजे स्वतःशीच पत्ते खेळायचे. दोन दिवस उभी ठेव पोरी, गाळ खाली बसू दे. रविवारी जेवायला येतो."

विचारलंसुद्धा नाही, येऊ का म्हणून.

तर आज ते जेवण झालं. छाटलेल्या वेलींच्या काटक्यांवर मी मांस भाजलं, आधी कोबीचं सूप होतं. बापतिस्तँनी ताटलीच्या तळाशी उरलेल्या सुपात साधी लाल वाइन ओतली आणि ताटली तोंडाला लावून प्यायले, बाबा प्यायचे तसंच. क्लोतिल्द हसली. मला मात्र बाबांची मिशी आठवली, सुपाने ओली झालेली.

आता मुद्द्याचं. क्लोतिल्दच्या डोक्यात आलं, की बापतिस्तँच्या बाटलीशेजारी घरची एकसष्टची बाटलीही उघडायची. वसंतातल्या विक्रीला ती घरच्या एकसष्टच्या साठ बाटल्या पाठवणार होती, त्यांचं वर्णन तिला लिहायचं होतं. मी म्हटलं, एक पुरे. म्हटलं, जुनी बाटली उगाच वाया का घालवायची. म्हटलं, तुम्ही दोघं किती पिणार. ती म्हणाली, "आई, तू कधीपासून वाइनला नाही म्हणायला लागलीस?" आणि खाली जाऊन घेऊन आली.

बापतिस्तँच्या बाटलीतली वाइन खांद्यापर्यंत उतरली होती. बूच निघता निघता दोन तुकडे झाले. क्लोतिल्दने मेणबत्ती लावली, बाटलीची मान ज्योतीसमोर धरली आणि इतकी सावकाश सुरईत ओतली की मला चूक काढायला काही उरलंच नाही. गाळाची काळी रेघ मानेशी आली तिथे हात थांबवला. तिला हे मी शिकवलं आणि मला तू. हे तुला आठवतं का ठाऊक नाही.

रंग आधी बघ. मधोमध अजून लाल, पण कडेला जुन्या विटेचा, आणि अगदी काठावर कांद्याच्या सालीसारखा. पहिल्या वासात काही नव्हतं, बंद खोलीचा दमट वास फक्त. आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी पेल्यात ती हळूहळू उठून बसली. आधी भिजलेली पानं, मग बाबांची सिगारची लाकडी पेटी, मग सुकलेला गुलाब, आणि सगळ्यांच्या मागे कुठेतरी काळ्या मनुकांसारखं गोड काही. तोंडात घेतली तर टोचणारं, ओढणारं काही शिल्लकच नव्हतं. नुसती मऊ, आणि गिळल्यावरही जायला तयार नाही. बापतिस्तँ डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. "इवेतला आवडली असती," एवढंच म्हणाले. आर्मां, सत्तर वर्षांत मी पुष्कळ वाइन प्यायले, पण अशी चार-पाच वेळाच. अर्ध्या तासाने ती उतरायला लागली. तुझ्याशिवाय ती प्यायले याचं मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

मग घरची. ही गळ्यापर्यंत भरलेली, बूच घट्ट, त्यावर 'बूच बदलले १९८६' असा शिक्का.

आपल्या घरचा नियम तू विसरला नसशील. चाखताना सगळ्यात लहानाने आधी बोलायचं, म्हणजे थोरांचं ऐकून त्याची जीभ बदलायला नको. क्लोतिल्दने घोट घेतला. परत घेतला. बापतिस्तँच्या पेल्याकडे गेली, परत इकडे आली.

"आई," ती म्हणाली, "बापतिस्तँ आजोबांची बाटली म्हातारी आहे आणि म्हातारी असल्याची तिला लाज नाही. आपल्या बाटलीत म्हाताऱ्यांच्या पंगतीत कुणीतरी तरणी बाई येऊन बसलीय. चांगली आहे, पण ती एकसष्टची नाही."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुला सर्दी झालीय. आठ दिवस वाऱ्यात उभी आहेस."

"असेल," ती म्हणाली. भांडी आवरताना मी बघत होते. दर दोन मिनिटांनी ती पेला नाकाशी नेई, मग स्वतःची बाही हुंगून बघे, मग पुन्हा पेला. नाक शाबूत आहे की नाही, ते तपासत होती.

बाबांच्या अंत्ययात्रेनंतर मी तुझ्यापुढे पेला धरला होता. तू तो घेतला नाहीस. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणालास. आणि मागे एका कार्डात लिहिलं होतंस, की मी आता फक्त सफरचंदाची साइडर पितो, तिच्यात चुकायला काही नसतं. ते कार्ड मी स्वयंपाकघरातल्या कपाटात बशांखाली ठेवलंय. का ठेवलंय ते मला माहीत होतं.

बापतिस्तँ निघाले तेव्हा मी त्यांना कोट घातला. टोपी नीट करत ते म्हणाले, आणि बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्याने म्हणाले, "एकट्याने प्यायची नव्हती हे खरं. तुझ्या बाटलीशेजारी ठेवून प्यायची होती, हेही खरं. फरशीवरचा तो डाग मीच धुतला होता पोरी."

इथे थांबते. उद्या सकाळी पुढे लिहीन.

सोमवार, सकाळ

काल लिहिलं तेवढंच पाकिटात घालून टाकणार होते. मग वाटलं, म्हणजे आणखी तेहतीस वर्षं लपवायचं.

शहाऐंशीचा मार्च. एकसष्टच्या बाटल्यांना पंचवीस वर्षं झाली म्हणून बुचं बदलायची होती. एकेक उघडायची, चाखायची, उतरलेली पातळी त्याच सालच्या वाइनने भरायची आणि नवं बूच ठोकायचं. भरण्यासाठी बाबांनी दोन बाटल्या काढून दिल्या होत्या. "एवढ्यात भागवायचं, एक थेंब जास्त नाही." चाखायचं काम तुझं, भरायचं माझं. मी पहिल्यांदाच तळघरात होते. बाई तळघरात आली की वाइन आंबते, असं तेव्हा गावात अर्धे लोक हसत म्हणायचे आणि अर्धे न हसता. बापतिस्तँ न हसणाऱ्यांतले. बाबांना मी तीन वर्षं विनवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू चाखून संपवलंस आणि मळ्यात गेलास. बाबा जेवायला गेले. माझं कोपर सुरईला लागलं. भरायला ओतून ठेवलेली सगळी एकसष्ट फरशीवर. साठ-सत्तर बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. क्लोतिल्दला गोवर होता, मी दोन रात्री जागी होते, पण ते कारण नव्हे. मी वर जाऊन सांगितलं असतं तर बाबांनी आरडाओरडा केला असता, आणखी एक बाटली दिली असती, आणि मी पुन्हा कधी तळघराची पायरी उतरले नसते. म्हणून मी ब्याऐंशीची एक बाटली उघडली. तरणीताठी, तगडी. प्रत्येक बाटलीत दोन-तीन चमचे. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?

तुला कळलं. ईस्टरच्या जेवणाला, दलालांसमोर, धाकटा म्हणून तू आधी बोललास. "यात कुणीतरी परकं आहे," म्हणालास. सगळे हसले. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सोलांज, तुला लागतंय काही?"

मला लागत होतं. पहिल्याच घोटाला लागलं होतं.

मी म्हणाले, "नाही बाबा. मला तर अगदी घरचीच लागते."

बाबा तुला म्हणाले, सिगारेटी ओढून तुझी जीभ जळली, या जिभेवर मी माझं घर सोपवणार नाही. पुढचं तुला माहीत आहे. सुगी संपल्यावर तू गेलास. तळघर मला मिळालं. लोक म्हणतात, लाफुर्कादांच्या मुलीने तीस वर्षं काय वाइन केली! केलीच. पण दर वर्षी चाखायला बसले की तुझी खुर्ची समोर दिसायची, आणि मी मनात म्हणायचे, त्याला समुद्रच आवडतो, तिथे तो सुखात आहे. तू सुखात असशीलही. पण तुझी जीभ मी तुझ्याकडून काढून घेतली, ती चांगली होती, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. मला त्याची लाज वाटते. रोज नाही वाटली, खोटं कशाला लिहू. पण काल लेकीला बाही हुंगताना पाहिलं, तेव्हापासून दुसरं काही वाटत नाहीय.

साठ बाटल्या विक्रीतून काढून घेतल्या आहेत. दलालाला सकाळीच फोन केला. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. आधी विकल्या गेलेल्यांचं काय करायचं ते आम्ही बसून ठरवू. क्लोतिल्द दुपारी छाटणीवरून आली की तिला सांगणार आहे. पण टपाल अकराला जातं, म्हणून आधी तुला. तसाही आधीचा मान तुझाच होता.

चौदा तारखेला, गुरुवारी, गेल्या सुगीच्या वाइनचं मिश्रण ठरवायला बसतोय. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, तेच नेहमीचं. तू येशील असं मी गृहीत धरत नाही. माफ कर म्हणायचा मला हक्क आहे की नाही, तेही ठाऊक नाही, तरी म्हणते. मेजावर चार पेले मांडणार आहे. बापतिस्तँना नियमाबाहेर ठेवलंय, त्यांना ऐकूच येत नाही म्हणून ते मध्येच बोलतात. आता क्लोतिल्द सगळ्यात लहान, तेव्हा आधी ती. मग तू. मग मी.

आणि बाबांनी विचारलं होतं त्याचं उत्तर: हो बाबा, लागतंय. आर्मां बरोबर बोलतोय.

तुझ्यानंतर बोलायची पाळी जिची होती ती,
सोलांज