गिअरच्या तेलाचा वास

प्रिय डेसा,

हार्लन विकतोय तो निळा ट्रक घ्यायच्या आधी शनिवारी बघायला ये म्हणालीस आणि मी फोनवर नुसतंच 'बघू' म्हटलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. मागे घोड्यांचा ट्रेलर, शेजारी आपली चिमुरडी रेना, आणि आठवड्यातून तीनदा तो डोंगर ओलांडायचा. हेच सारखं डोळ्यांसमोर येतं.

आधी कामाचं लिहितो, नीट वाच. आपण पोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही, असं हार्लनला बजावून ठेव. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात टेकव. कोमट लागलं तर समजायचं, बेट्यानं आधीच फिरवून आणली आहे. दमलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड असतानाच खरं बोलतो: गिअर टाकल्यावर जरा थांबतो, मग धक्का देऊन निघतो. ट्रेलर अडकवायचा मागचा गोळा बघ. तो झिजून चकाकत असेल तर मैलांचा काटा काहीही सांगो, त्या ट्रकनं जन्मभर ओझं ओढलं आहे. चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी पुढे सरकेना, तर तिथूनच वळवून किल्ली परत कर. हार्लन तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि गिअरचं तेल नव्यासारखं लालभडक दिसलं म्हणून हुरळू नकोस. जुन्या ट्रकात नवंकोरं तेल म्हणजे म्हाताऱ्यानं मिशीला कलप लावल्यातला प्रकार. पण खालून तेल काढलं तरी निम्मं आतच राहतं आणि क्लचप्लेटा जळल्याचा वास त्यात उरतो. तो कोणाला लपवता येत नाही.

तू सात वर्षांची असताना गॅरेजात खोक्यावर उभी राहून तेल मोजायची पट्टी हुंगायचीस, आठवतं? एकदा "बाबा, हा करपलेला पाव!" असं ओरडलीस आणि विकायला आलेल्या माणसाचा चेहरा पडला. या खोऱ्यात चाळीस वर्षं मी पट्टी हुंगून होकाराची मान हलवल्याशिवाय ट्रकचा सौदा झाला नाही. मी मान हलवली की लोक हात मिळवायचे, गाडीखाली वाकूनसुद्धा बघायचे नाहीत. बघणं म्हणजे माझा अपमान, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. तुझी आई म्हणायची, "अख्ख्या गावाचे ट्रक हुंगतोस, मी केलेल्या घेवड्याला कधी नाक लावलंस का रे?" ती असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. तिनं मला केव्हाच पकडलं असतं.

कोयच्या अपघाताचं तुला माहीतच आहे. मे महिन्यात त्यानं तो हिरवा ट्रक घेतला आणि तिसऱ्याच आठवड्यात ट्रेलरवर लाकडं भरलेली असताना चढावर गिअरबॉक्सनं दगा दिला. ट्रेलरनं ट्रक मागे खेचत ओढ्यात नेला. त्याच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मी भेटायला गेलो तर तोच मला धीर देतो, "व्हर्लिन, नशिबाचा खेळ. तू तर बघून दिला होतास." मी त्याच्या बायकोनं दिलेली मक्याची भाकरी खाल्ली आणि परत आलो.

जानेवारीतल्या तापानंतर चुलीवर घेवडा करपला. घरभर धूर होऊन डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला कळलं. डेसा, माझं नाक गेलं आहे. कॉफीचा वास नाही, पेट्रोलचा नाही, कशाचाच नाही. वाटलं, हळूहळू परत येईल. कोयच्या ट्रकची पट्टी मी नाकाशी धरली, तेल लालभडक होतं, चार माणसं बघत होती आणि सवयीनं माझी मान हलली. मागाहून त्याच्या बायकोनं सहज सांगितलं, "तेलाला करपट वास यायचा, पण तू हो म्हणालास ना." तेव्हापासून मला भीती वाटते ती माझ्याच मानेची. उद्या सकाळी कोयकडे जाऊन त्याला सगळं सांगणार आहे. पण त्याच्याआधी तुला सांगायला हवं होतं आणि फोनवर मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली असती, म्हणून लिहिलं. शनिवारी मी येईन. पट्टी मी काढून देईन, हुंगायची तू, सगळ्यांसमोर. आणि तुझ्याआधी माझी मान हललीच, तर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझाच,
बाबा